दोन वाक्यांमधला श्वास

शनिवारी संध्याकाळी वेदीचं कापड मी धुते.
नीळ थेंबभर, जास्त नाही.
शरणपूरच्या देवळात चाळीस वर्षं हेच.

कधी द्राक्षारसाचा डाग असतो.
रस पिंपळगावहून येतो, ओळखीतल्या बागेतला,
डाग हट्टी.
हे पाणी मोरीत सोडायचं नाही, झाडाच्या मुळाशी ओतायचं,
आई म्हणायची. का, ते तिनं सांगितलं नाही.

नणंद रूथ, नाशिकरोडला कॅथलिक घरात दिलेली,
म्हणते, तुमच्याकडे सगळंच अर्धं.
मेणबत्ती आहे, धूप नाही,
मरिया आहे, पण नाताळापुरती.
धाकटा दीर अनुग्रह सातपूरला पत्र्याच्या हॉलमध्ये जातो.
तो म्हणतो, वहिनी, पुस्तकातली प्रार्थना म्हणजे
दुसऱ्याच्या चष्म्यातून आपलं पत्र वाचणं.
मी हसते. कुकर लावते.
दोघंही जेवायला माझ्याकडेच असतात.

सासरे गेले त्या आठवड्यात
तिघं एकदाच एका कठड्याशी आलो.
रूथ गुडघ्यांवर, जीभ पुढे
(तिच्या फादरना कळलं नसेल, किंवा कळलंही असेल),
अनुग्रह ताठ उभा, तळहात उघडे,
मी मध्ये, गुडघा दुखतो म्हणून अर्धवट टेकलेली.
ओहोळ पाळकांनी कुणाला काही विचारलं नाही.

भाकर देताना ते दोन वाक्यं बोलतात.
पहिल्यात ते प्रभूचं शरीर असतं.
दुसऱ्यात त्याची आठवण.
दूर थंड देशात या दोन वाक्यांपायी
माणसांनी माणसं जाळली म्हणे,
मग दमून कुणीतरी दोन्ही ठेवली
शेजारी शेजारी, मध्ये एक पूर्णविराम.

पाळकांना दमा आहे.
पूर्णविरामाशी ते श्वास घेतात, जरा लांबच.
त्या श्वासात ऐकू आली
त्र्यंबक रोडवर गिअर बदलणारी बस,
घंटेच्या दोराची कुरकुर,
रूथचं नाक ओढणं.
अनुग्रहचं पुटपुटणं तेवढं थांबलं होतं.

रूथला सांगायचं राहूनच गेलं:
गोदेला दोन काठ आहेत,
तिला अर्धी म्हणाल्याचं मी कुणाकडून ऐकलं नाही.
उत्तरं मला नेहमी भांडी घासताना सुचतात.

आज पुन्हा डाग आहे, बोटाच्या पेराएवढा.
रक्त म्हणू की रस, अजून ठरवलेलं नाही.
पहिलं पाणी परसातल्या सीताफळाला घातलं.
यंदा त्याला अकरा फळं धरलीत,
एक वटवाघळानं नेलं.