बारा फरश्या

मे महिन्यात कूलरसमोर
आमच्या घरी बारा फरश्या थंड असतात.
त्यापुढं नुसतं घर.
इंदोऱ्यात दुपारी दोन वाजता
कुत्रंही सावली बदलायला उठत नाही,
आणि आत माझी तीन लेकरं
खडूनं जमीन वाटून राहिली असतात.

बाराला तीन. चार, चार, चार.
हा हिशोब सुमेधचा, वय वर्षं आठ.
गौतमी म्हणाली, पाणी कोण भरते?
रात्री नळ येते तवा तुम्ही घोरता.
मले पाच पाहिजे.
मैत्री बोललीच नाही.
फ्रॉक वर करून घामोळं दाखवलं,
मसुरीची डाळ सांडावी तशी पाठ.

मी कणीक मळता मळता ऐकत होते.
एक म्हणते सारखं,
एक म्हणते कष्टाचं,
एक नुसती पाठ दाखवते.
कोर्टात याहून वेगळं काय चालत असेल?

शेवटी तोड निघाली.
मैत्री मधे, जिथं वाऱ्याची धार लागते.
गौतमीला पाच, पण त्यातली एक तडकलेली.
सुमेधला आज तीन, उद्या पाच.
उद्याचं त्यानं लगेच लिहून घेतलं,
भिंतीवर, कॅलेंडरच्या मागं,
गौतमीची सही घेऊन.

तेवढ्यात फुलबासन आली,
बाजूच्या बांधकामावरची, छत्तीसगडची,
बाटली भरून न्यायला.
उंबऱ्याबाहेर थांबली,
एका पायावर दुसरा पाय ठेवून,
खालची लादी पोळत होती म्हणून.
गौतमी म्हणाली, ये, बस.
सुमेध म्हणाला, काहून?
हिनं एक बादली तरी भरली का?

मी हात झटकून उठलेच होते.
पण फुलबासननं बाटली खाली ठेवली,
मोरीतली बादली उचलली,
कूलरात ओतली, अर्धी स्वतःच्याच अंगावर,
आणि परत जाऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली.
तसंच. एका पायावर.

सुमेध बराच वेळ खडू चावत बसला.
मग ओल्या फडक्यानं सगळ्या रेघा पुसल्या.
माया वगैरे नव्हती त्याच्या तोंडावर,
गणित चुकल्यावर होते ती चिडचिड होती.
बाराला चार.
तीन, तीन, तीन, तीन.
तडकलेली स्वतःकडं घेतली
आणि म्हणाला, आता कोणी बोलाचं नाही.

हे माझ्याकडून शिकला नाही तो.
मी पाचपावलीच्या घराच्या कागदावर
भाऊ म्हणाला तिथं सही करून आले,
एक साडी आणि डबाभर सोनपापडी घेऊन.
तेव्हा कोणी फरश्या मोजल्या नाहीत.
मीही नाही.
आठ वर्षांची असते, तर मोजल्या असत्या.

तीनला लाइट गेली.
कूलर घरघरत थांबला.
सुमेध खूश. आता सगळ्यांले सारखं!
हे मात्र मला पटलं नाही,
पण उकाड्यात कोण वाद घालणार?

गौतमीनं जुन्या वहीचा पुठ्ठा आणला.
पुठ्ठा एक, माणसं चार.
ज्याची पाळी त्यानं वीस आकडे होईपर्यंत
बाकीच्यांना वारा घालायचा.
आता यात गंमत अशी, की
घालणारा भराभर मोजतो,
आणि पडलेले ओरडतात, हळू, हळू मोज!
गौतमीनं दोन आकडे गाळले.
फुलबासननंही गाळले, तिच्या बोलीत,
तिला वाटलं आम्हाला कळणार नाही.

मग मैत्रीची पाळी.
तिला अकरापर्यंतच येतात.
अकरा झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करते,
पुन्हा अकरा, पुन्हा एक,
दोन्ही हातांनी पुठ्ठा हलवत.
वीस येतच नाहीत.

सुमेधच्या लक्षात आलंय.
डोळे मिटून पडलाय,
सांगत नाही.