हजेरी शंभर टक्के

दरवर्षी जानेवारीत ऑफिसातून फोन येतो:
गुरव सर, तुमचं अक्षर.
बाकी विचारपूस नाही.
मी समजतो, गुणगौरव सोहळा आला.

दोनशे चाळीस प्रमाणपत्रं, वर दहा कोरी,
चुकलं तर म्हणून.
कडेनं सोनेरी वेलबुट्टी, मधे टिंबांची रांग,
जिच्यावर मला पोरं उभी करायची असतात.

मी चित्रकलेचा मास्तर.
तिरप्या टोकाचा टाक नीट धरला
की शिरोरेषा आपोआप सरळ जाते.
आयुष्यात तेवढीच गेली.

रात्री जेवणं आटोपली की ओट्याशी उभा राहून लिहितो,
घरात तेवढीच सपाट जागा.
बायको म्हणते, शाई सांडू नका,
सकाळी तिथं भाकरी थापायच्यात.

यादी पाच माध्यमांची.
उर्दूच्या तीन जुवेरिया, तिघींची वेलांटी निराळी;
कुणाची ऱ्हस्व, ते बाईंना विचारून घेतो.
तमिळच्या यादीत कनिमोळी.
सेल्वी टीचर फोनवर हसल्या:
जीभ मागे वळवा सर. अजून मागे.
नाही जमत? मग ळ लिहा,
तुमच्याकडे तेच जवळचं घर आहे.
मी त्या ळ-ला जरा जास्त शाई दिली.

यादीच्या तळाशी आमची शाळा.
शिवडी, मराठी माध्यम, पहिला मजला.
'इयत्ता सातवी. हजेरी शंभर टक्के. फिरती ढाल.'
पटावर नऊ मुलं.
टक्केवारीचं एक बरं असतं,
तिला माणसं मोजावी लागत नाहीत.

चंदा निषाद तापातसुद्धा आली,
कारण दिवसा घरात तिचा रात्रपाळीचा बाप झोपतो
आणि त्याला कूस बदलायची
तर कुणीतरी बाहेर असावं लागतं.
हे प्रमाणपत्रावर लिहायला टिंबं नसतात.

सोहळ्यात समई पेटेना, म्हणून पंखे बंद.
अध्यक्षांना पुढं दुसरा कार्यक्रम.
माइकवरून सूचना आली:
दहा-दहाच्या गटानं या, फोटो एकदाच.
माझं एकही नाव कुणी वाचलं नाही.
हाताला येईल ते प्रमाणपत्र घेऊन
मुलं एका बाजूनं चढली, दुसऱ्या बाजूनं उतरली.

मग जिन्यात बाजार भरला.
हर्षल सकपाळ ओरडतोय, जुवेरिया! दीर्घवाली!
कुणाकडे सोहम धुरी आहे का?
चंदा एका पायरीवर उभी: कनिमोळी कोण?
दोन वेण्यांची एक मुलगी पुढं आली,
कागद घेतला, बोट ठेवलं नेमकं त्या अक्षरावर,
आणि जीभ मागे वळवून स्वतःचं नाव म्हणाली.
चंदानं म्हणून पाहिलं. परत म्हणून पाहिलं.
तिसऱ्या वेळी जमलं बहुतेक,
कारण दोघी हसल्या.

त्याच आठवड्यात पत्र आलं.
समायोजन. म्हणजे जूनपासून पहिला मजला रिकामा,
आमची नऊ पोरं दुसऱ्या शाळेत, दोन सिग्नल पलीकडं.
कपाटं, बाकं, घंटा, सगळ्यांची डेडस्टॉकला नोंद झाली.
ढालीचं काय, ते पत्रात नव्हतं.
मालुसरे शिपाई म्हणाले, फिरती आहे ना?
मग फिरू द्या.

तेव्हापासून ती फिरतेय.
एक आठवडा सकपाळांच्या फ्रिजवर,
एक धुऱ्यांकडे, देवांच्या फळीला टेकून.
काल चंदाचा फोन आला, घाबरलेला:
सर, आईनं चिंच लावून घासली.
चमकते खूप. पण शाळेचं नाव गेलं.
तुमचं अक्षर...

आज जाऊन बघून आलो.
पितळेवर तळहाताएवढी जागा आहे.
बारीक टाक घेतला
आणि जोडाक्षरं थोडी आवळली,
तर नऊ नावं बसतील.