पहाऱ्याची वही

आज पाळी माझी, भुसारेंच्या हौसाची आणि धवळू गांगोडेची.
तारीख टाकली. हवा : धुकं. बॅटरी : एक, मिणमिणती.
'शेरा' या रकान्यात काय लिहायचं
ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही.

पेठच्या वर, जिथे डांबर संपतं
आणि एसटी वळायला जागा शोधते,
तिथून आमचं रान लागतं.
तीन पौषांमागे माणसं आली,
साल तासून खोडांवर आकडे घालत गेली.
सादड्याला एकेचाळीस, सागाला बेचाळीस,
ओहळाकडच्या मोहाला त्र्याहत्तर.
झाडांना आधीच नावं होती.
एका ऐनाला तर आम्ही तहसीलदार म्हणतो,
कितीही हाका मारा, ओ देत नाही.

कागदावर होतं : जुनी, वाळकी, चारशे बारा.
मग आम्हीही मोजली.
हौसाला वीसच्या पुढे मोजता येत नाही,
ती झाडागणिक एक खडा ओटीत टाकायची,
संध्याकाळी ओटी धरून वाकून चालायची, गरवारशीसारखी.
ग्रामसभेत तिने साहेबांच्या टेबलावर सगळे ओतले.
अकराशे छत्तीस.
काही घरंगळत साहेबांच्या बुटाशी गेले.
साहेब म्हणाले, यात निम्मे तर खुंटाचे फुटवे आहेत, बाई,
गुडघ्याएवढे.
हौसा म्हणाली, मंग?
पहिलीतली पोरं पटावर धरत नाही का तुम्ही?

कागद परत गेला. कागद परत येईल.
तोवर ही वही, ही शिट्टी,
आणि पाळी चुकली तर घरामागे पायलीभर नागली दंड.

रात्री दोनच्या सुमाराला टेम्पो आला, दिवे मालवून.
मागे दोर, करवत, पोत्याखाली माणसं.
आम्ही तिघं रस्त्यात बसलो.
धवळूने शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही.
काच खाली झाली :
माझा मावसभाऊ, यशवंत.
आक्का, ऊठ. हप्ता थकलाय गाडीचा.

माझ्या घराचा आढा सागाचा आहे.
तो कुठून आला, मी कधी विचारलं नव्हतं.
हे मी त्याला सांगितलं नाही.
उठलेही नाही.
धुकं टेम्पोच्या आत शिरत होतं.
पोत्याखाली कुणीतरी खोकलं,
कोवळा खोकला, शाळेतल्या पोराचा.

मग यशवंतने दिवे लावले
आणि वळायला जागा नव्हती म्हणून
उलटाच गेला, खिंडीपर्यंत,
उजेड आमच्या तोंडावर धरून.

शेरा : गाडी आली. गाडी गेली.
नंबर लिहायचा राहिला.
राहिला नाही. लिहिला नाही.
हौसाने वाकून वही बघितली,
तिला वाचता येत नाही,
तरी बराच वेळ बघितली.

उजाडताना ओहळावर तोंड धुतलं.
त्र्याहत्तराच्या कडेने साल चढत आलीय,
साताचं शेपूट गेलं, तिनाचं पोट निम्मं बुजलं.
हात लावला. ओलसर होतं.

उद्याची पाळी : गावितांची मंजुळा, चिंतू, आणखी एक कुणी.
बॅटरीला सेल आणणे.