परवडतं का

सेलूच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
एक पान दोन रुपये, पाठपोट तीन.
हा हिशोब मला कळतो.

दुसरा हिशोब रात्री साडेनऊनंतर,
शटर अर्धं ओढून.
वालूर, कुपटा, चारठाणा, देवगाव फाटा,
कुठली गाडी किती वाजता, मुक्कामी कोणती,
बाजारच्या दिवशी कोणती उशिरा,
शाळेला सुट्ट्या लागल्या की कोणती बंद.
कंट्रोलर मुख्तारभाईंच्या वहीतून उतरवलेलं,
कारण स्टँडवरच्या फळ्याचा रंग
केव्हाच उडाला.
हे सगळं मी वेबसाइटवर चढवतो,
आणि त्याच्या डोक्यावर, पोटात, पायाशी
जाहिराती.

जाहिराती मी निवडत नाही.
वालूरच्या गाडीखाली दुबईतला फ्लॅट येतो,
मुक्कामी गाडीच्या वेळेवर टक्कल घालवायचं तेल.
आणि परवा पुण्याच्या रातराणीच्या अगदी वर
खाजगी ट्रॅव्हल्सची स्लीपर, गुलाबी दिव्यांची,
पहिल्या बुकिंगला शंभर रुपये सूट.
मुख्तारभाईंनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.
'तुमी आमच्याच घरात चोराला पाट मांडला की ओ.'
त्या दिवशी अकरा सेंट आले.

सेंट म्हणजे काय, ते कालिंदाला सांगितलं.
डॉलरचा शंभरावा हिस्सा.
शिलाई मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली,
'म्हंजे पैसाच की.
आपल्याकडं पैसा बंद झाला,
अन् तुमी तिकडचा गोळा करायलात.'

नावाचं भाडं वर्षाला नऊशे.
जागेचं अठराशे. ती जागा कुठं आहे, मी पाहिलेली नाही.
लाइट गेल्यावर मोबाइलचं नेट.
डोळ्यांचा नंबर एकदा वाढला, तो कशात धरावा
कळेना, म्हणून धरला नाही.

दहा डॉलर भरले तेव्हा कंपनीनं कागदी पत्र पाठवलं.
खरंखुरं, पोस्टानं. आत सहा आकडे.
पत्त्यावर माणूस राहतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं.
इरबाजी पोस्टमन सायकल स्टँडला लावून आत आला.
'फॉरेनहून आलंय. कोण हाय तुमचं तिकडं?'
कोणी नाही, म्हणालो.
पत्राच्या दोन प्रती काढल्या
आणि स्वतःच्या खिशातले चार रुपये
गल्ल्यात टाकले.

शंभर झाल्याशिवाय पैसे सोडत नाहीत.
साडेतीन वर्षांत एकोणनव्वदपर्यंत आलो.
मग भाऊबीजेला मेहुणा आला, जिंतूरचा, सुग्रीव.
त्याला कुणीतरी सांगितलेलं,
जाहिरात दाबली की दाजींना पैसे मिळतात.
रात्रभर दाबत बसला बिचारा.
पांघरुणात पालथा पडून, टक्कल, दुबई, टक्कल, दुबई,
दोनशे साठ वेळा.
सकाळी चहाला आला तेव्हा अंगठा हुळहुळा
आणि तोंडावर
ताटात भरघोस ओवाळणी टाकल्याचं समाधान.

तिसऱ्या दिवशी निरोप: अवैध हालचाल आढळली.
एकोणनव्वदचे एक्केचाळीस.
सुग्रीवला काही बोललो नाही.
अवैध हा शब्द कालिंदाला वाचून दाखवला नाही.

पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.
मायेनं दाबलेलं चालत नाही त्यांना.
घाईत, गाडी सुटेल म्हणून,
भलतीकडं बोट लागलं तर ते चालतं.
माझ्या एक्केचाळिसात
अशी किती बोटं घसरलेली असतील?
एखादीला कुपट्याची शेवटची गाडी बघायची होती,
कडेवर लेकरू, दुसऱ्या हातात पिशवी,
आणि तिच्यापुढं दुबई उघडली.

'परवडतं का ओ हे?' मुख्तारभाई अधूनमधून विचारतात.
मी म्हणतो, बघू, शंभर तर होऊ द्या.

काल रात्री अकराला त्यांचाच फोन.
कुपट्याची सव्वासहाची उद्यापासून पावणेसहाला.
लावलेलं कुलूप काढलं, कॉम्प्युटर चालू केला.
आधी वेळ बदलली.
मग, बसलोच होतो तर,
जाहिरात तिथून चार बोटं खाली सरकवली,
कुणाचं बोट सहज जाणार नाही अशी.

सेंट कमी होतील.
कालिंदाला अजून सांगितलेलं नाही.