बत्तीस नव्हे, तीस

विट्याच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सवाल्यानं
परीक्षेचा अभ्यासक्रम छापून दिला.
बावीस पानं, पानाला दोन रुपये.
'मुलगी बसतेय का, ताई?'
मी म्हटलं, मीच.
त्यानं स्टेपलर दोनदा मारला.

घरी कॉटवर पसारा मांडला.
सांगलीच्या क्लासचं पत्रक : अठरा हजार, नोकरीची हमी,
हमी या शब्दाशेजारी बारीक चांदणी,
चांदणीचा खुलासा कुठेच नाही.
भाच्यानं पाठवलेले एकशे बारा व्हिडिओ,
सर भराभर बोलतात, मधेच पाणी पितात.
एक जाडजूड पुस्तक, जुनं घेतलेलं,
मागच्या आवृत्तीच्या परीक्षेचं.
आणि धाकट्या दिरानं पाचशेला आणलेली पीडीएफ :
'हेच प्रश्न येतात, वहिनी. जसेच्या तसे.
पाठ कर नि मोकळी हो.'

अकरा वर्षं सेलमला आमचं गलाईचं दुकान होतं.
हे भट्टीवर, मी गल्ल्यावर.
गिऱ्हाईक आलं की दगड मीच पुढं ओढायची,
काळा, तळहाताएवढा.
दागिना घासायचा. रेघ उठायची.
रेघ सगळ्यांचीच पिवळी,
पितळेची तर जरा जास्तच.
मग तेजाबाचा थेंब,
आणि समोरच्याच्या तोंडाकडे न बघता
मनात पाचपर्यंत मोजायचं.
एका म्हातारीची रेघ तिसऱ्या अंकालाच गेली.
'पुन्हा घासता का?' तिनं तमिळमध्ये विचारलं.
घासलं. पुन्हा गेली.
तिनं कडी पदराच्या टोकाला बांधली
आणि उन्हात उतरली.

दुकान उठलं. दगड मी घेऊन आले.
आता त्याखाली ही बावीस पानं ठेवते,
पंख्यानं उडतात.

तर ठरवलं, सगळ्यांना घासायचं एकाच जागी :
सबनेटिंग. मला अर्धंच येतं तेवढं.
सत्तावीस बिटांचा मुखवटा, तर जाळ्यात यंत्रं किती?

व्हिडिओतले सर म्हणाले, सूत्र लिहून घ्या.
घेतलं.
क्लासवाला फोनवर म्हणाला,
आधी ॲडमिशन, मग शंका.
जुनं पुस्तक मात्र तीन पानं थांबतं तिथं.
बत्तीस दारांची चाळ काढून दाखवतं :
पहिल्या दारावर चाळीचं नाव,
शेवटचं, सगळ्यांना एकदम हाक मारायला,
राहायला उरली ती तीस.
मी खतावणीच्या मागच्या कोऱ्या पानावर
शून्य-एक, शून्य-एक करत उतरले.
तीस.

पीडीएफमधला एक्केचाळिसावा प्रश्न हाच.
उत्तर : बत्तीस.
ठळक अक्षरात, शेजारी हिरवी खूण.

दिराला दाखवलं. म्हणाला, छापायची चूक असेल.
असेल.
बाकीच्या चारशे उत्तरांत कुठली छापायची
आणि कुठली न समजल्याची,
हे ओळखण्याएवढं मला आलं असतं
तर पीडीएफ लागलीच कशाला असती?

अभ्यासक्रमात आहे आणि पुस्तकात नाही
अशा नऊ ओळींना गोल केलेत.
त्यांच्यापुरते सात व्हिडिओ, निम्म्या वेगानं.
निम्म्या वेगात सर पेंगल्यासारखे बोलतात,
पण काय बोलतात ते कळतं.
रात्री भंगारातल्या राउटरला केबल करते.
पोरगा अंथरुणातून पाढ्यासारखा रंग म्हणतो :
नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा...
पुढं त्याला झोप लागते.
तपकिरीपर्यंत मी एकटीच जाते.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर शाईनं लिहिलंय :
गजेंद्र पाखरे, विश्रामबाग.
त्यानं पेन्सिलीनं खूप रेघा मारल्यात,
कडेला 'हे का?' असं दोन-तीनदा,
एकदा 'आई दवाखान्यात, उद्या बघू'.
सातव्या धड्यानंतर पानं कोरी.

पास झाला, की सोडलं, की पुस्तक विकलं फक्त,
विचारायला नंबर नाही.
आठव्याच्या पहिल्याच ओळीला मी अडलेय.
कडेला लिहिलं,
हे का?