उतरणीचं ओझं

एकतीस ऑक्टोबर. उद्यापासून वरच्या वाटा बंद,
थेट पंधरा जूनपर्यंत.
म्हणून आज तात्राच्या पायथ्याशी सगळं पोप्राद लोटलंय,
सगळं कोशित्से, थोडं क्राकूवही.
खांद्यांवर पोरं, पिशव्यांत सॉसेज,
तळ्याकाठी फोटोसाठी रांग
आणि रांगेत उभं राहून कंटाळलेलं एक कुत्रं.

लार्चची झाडं उरलंसुरलं पिवळं सांडतायत.
त्यांच्या सुया बुटांत शिरतात, मोज्यांत,
आठवड्यानं घरी चादरीवरसुद्धा सापडतील.

इथे उन्हाळ्यात एक रीत असते:
तळ्याजवळच्या खोपटातून पाचेक किलो उचलायचं,
वरच्या आसऱ्यापर्यंत पोचवायचं,
बदल्यात रम घातलेला चहा.
मी दरवर्षी नेते. कधी बटाटे, कधी कोळसा,
एकदा नुसतं मीठ.

आज खोपट रिकामं.
रिकाम्या हातांनी चढले, तर दम जास्त लागला.
वर व्हेंडेलिन लाकडी चौकटीला दोर आवळत होता,
एकोणतीस वर्षांचा मुरलेला हमाल.
"आता वर काही जायचं नाही," म्हणाला, "आता फक्त उतरवायचं."
रिकामी पिंपं, राखेचे डबे, तडा गेलेला आरसा.
मलाही दे काहीतरी, म्हटलं.
त्यानं एक पोतं दिलं, कापसासारखं हलकं:
उन्हाळाभर लोक विसरून गेलेले हातमोजे.
सगळे एकेकटे.
"माणसाला हात दोन," तो म्हणाला, "पण विसरतो एकच."

तो पुढे, मी मागे.
लोक बाजूला होतात, मोबाइल वर करतात.
तो थांबत नाही.
थांबलं की पुन्हा सुरुवात करावी लागते.
आरशात आभाळ हिंदकळतं,
मग माझं तोंड, मग पुन्हा आभाळ.

ओस्त्र्वाच्या कड्याखाली, देवदारांच्या सावलीत
रंगवलेले लाकडी क्रूस,
डोंगरात गेले ते गेलेच, त्यांच्या नावांचे.
तिथेही आज गर्दी, लाल काचेचे दिवे,
एक दिवस आधीच;
उद्या ज्याला त्याला आपापल्या गावची थडगी आहेत.
व्हेंडेलिन आत वळला नाही.
वळणावरच्या खडकावर काठी आपटली.
एकदा.
चार पावलांनंतर पुन्हा, जरा हळू.

मी विचारलं नाही.
खाली फाटकाशी ओतिलिया, वनरक्षक,
बंदीच्या पाटीला खिळे ठोकत होती.
तोंडात खिळे तसेच ठेवून म्हणाली,
"इम्रिख, त्याचा भाऊ. आणि इम्रिखचा पोरगा."
मग पोतं घेतलं माझ्याकडून
आणि कुंपणाच्या एकेका खुंटीवर
एकेक हातमोजा चढवत गेली, बोटं वर.

उतरणारी पोरं त्यांना टाळ्या देत गेली,
निळ्याला, लोकरीच्याला, अंगठा फाटलेल्याला.
एकानं परत येऊन राहिलेल्यालाही दिली.

व्हेंडेलिननं चौकट उतरवली, बिअर मागवली,
आणि ग्लास संपेपर्यंत
पुढे झुकूनच उभा राहिला.