सरळ मागे

माझ्या व्हॅनमध्ये नऊ मुलं बसतात,
कागदावर सहा.
सोमवार ते शनिवार शाळा, रविवारी स्पर्धा:
नाशिकरोडचं एखादं मंगल कार्यालय,
सतरंजीत कालच्या लग्नाच्या अक्षता,
वर चाळीस टेबलं आणि टिकटिक न करणारी घड्याळं.
पालकांना आत मज्जाव.
ड्रायव्हरला विचारतंय कोण.

तीन वर्षं मी दाराच्या काचेतून बघितलं.
जिंकलेलं पोर धावत येतं.
हरलेलं दाराशीच बसून
बांधलेली लेस पुन्हा बांधतं.

स्पृहाच्या आजोबांनी एकदा बॉनेटवर पट मांडला.
"या, नुसते बसून काय करता?"
गायधनी. प्रेसमध्ये चौतीस वर्षं
नोटांचे ताव तपासले त्यांनी.
म्हणतात, चांगली नोट मी पाहिलीच नाही,
डोळा थांबायचा तो चुकलेलीवर.

मी ओपनिंगचं पुस्तक मागितलं,
त्यांनी दोनशे पानी कोरी वही दिली.
हरलेला डाव आधी स्वतः बघायचा.
मोबाइलला नंतर विचारा, तो लगेच सांगतो,
आणि लगेच कळलेलं लगेच जातं.

वहीतलं एक पान:
*चाल १९. घोडा फुकट. का? घाई.
घाई का? समोरचा मुलगा जांभई देत होता.*
त्याच्या खाली गायधनींची लाल शाई:
*त्याला झोप आली, तुम्ही का झोपलात?*

चाल सुचली की हातावर बसायचं.
त्याला काय हवंय ते आधी,
आपल्याला काय हवंय ते मग.
हे मला नवीन नव्हतं. द्वारका चौकात
वीस वर्षं मी हेच करतोय,
डावीकडून कोण घुसणार ते बघत.
पण पटासमोर बसलं की
मीच तो घुसणारा होतो.

मग सहा महिने फक्त दोन राजे आणि एक प्यादं.
शाळा सुटायची वाट बघताना, स्टिअरिंगवर पुठ्ठा ठेवून,
राजासमोर राजा, मध्ये एक घर,
आणि आता चाल कुणाची?
कंटाळून म्हटलं, यात डाव कुठाय?
ते म्हणाले, डाव एवढाच असतो.
बाकीची गर्दी.

सहाशे रुपये प्रवेश फी.
दोन दिवसांचं डिझेल.
पाचव्या फेरीची यादी भिंतीवर लागली:
पट एकतीस, काळी मोहरी माझी,
पांढरी स्पृहा निमसे, वय नऊ.
सकाळी मीच तिला जेलरोडवरून उचललं होतं,
डबा विसरली म्हणून अर्ध्यातून परतलो होतो.

खुर्चीवर गुडघे टेकून बसली.
हात मिळवला. काका म्हणाली नाही.
तीन तासांनी पटावर उरलं ते सगळं माझ्या पुठ्ठ्यावरचं:
तिचं प्यादं सहाव्या ओळीत, मागे तिचा राजा,
पुढ्यात माझा. चाल माझी.
बरोबरी समोर उभी होती.
माझ्या घड्याळात अकरा मिनिटं, म्हणजे भरपूर,
आणि मी हातावर बसलो नाही.
राजा एक घर तिरका मागे गेला.

ती लगेच खेळली नाही.
आधी माझ्याकडे बघितलं,
मग पटाकडे, मग राजा उचलला.
वजीर होईपर्यंत मी थांबलो नाही.

परतताना बाकीची मुलं झोपली.
बिटको चौकाच्या सिग्नलला मागून आवाज आला,
"काका, रिव्हर्स सरळ घ्यायचा होता."
मी म्हटलं, "हो."
"तुम्ही तर रोज घेता."
"हो, बाई."

तिची गल्ली पुढे बंद आहे.
दोन्हीकडे स्कूटर, कुणाचं तरी तुळशीवृंदावन, एक झोपलेलं कुत्रं.
आजोबा फाटकात उभे.
काय झालं, त्यांनी विचारलं. मला नाही, तिला.
ती बूट काढत म्हणाली,
"येत होतं त्यांना."

मी आरशात बघितलं,
गिअर टाकला,
आणि सरळ मागे गेलो,
कुत्र्याला न उठवता,
थेट मोठ्या रस्त्यापर्यंत.
वही पुढच्या सीटवर होती.
चाल ६२ लिहिली.
*का?* च्या पुढे अजून काही नाही.